न दाखवलेलं भूत

छोट्या भयकादंबरीत भूत दाखवूच नये, नुसतं 'भूत हाय' म्हणावं, असं क्रांतीचं ठाम मत. चार पानं निवांत वाचता यावीत म्हणून, 'बेदाण्याच्या शेडवर चल' असा धोशा लावणाऱ्या लेकीला तिनं एकदा तेवढंच सांगितलं, "तिथं भूत हाय."

तेव्हापासून शिवू शेडवर जाईना. शेडवरून तिचे आजोबा, आबा, हाका मारून थकले. लेकीला उगाच भेडसावलं म्हणून क्रांतीला पुस्तक हातात धरवेना.

शेवटी लेकीला कडेवर घेऊन ती शेडवर गेली.

"कसं असतंय गं भूत, मम्मी?"

"दात न्हाईत त्याला. बेदाणं चोखून खातंय."

"आबांसारखं?"

"व्हय, आबांसारखंच."

शिवू हसली, पण मम्मीच्या गळ्यातले हात काही तिनं सोडले नाहीत.