अर्ध्यावर सोडलेला अल्बम

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात एक रिवाज होता. शुक्रवारी दुपारी घासणीचं यंत्र थांबलं, की कुणीतरी आपल्याला नव्याने सापडलेला अल्बम सगळ्यांना ऐकवायचा. कुणीतरी म्हणजे बहुधा ज्यांना सगळे कानसेन म्हणत, तेच. दात बसवण्यात त्यांचा हात जितका हलका, तितकीच त्यांची जीभ तिखट. मेणाचं काम करणाऱ्या ताईंच्या अल्बमला त्यांनी एकदा ‘दाढ उपटतानाचं संगीत’ म्हटलं होतं. तेव्हापासून ताईंनी सुचवणं सोडलं आणि त्यांच्या फजितीची वाट बघणं धरलं.

“गाणं शोधावं लागतं,” त्या शुक्रवारी कानसेन म्हणाले. “आमच्या घरी बघा. बायको इस्त्री करताना काहीबाही लावते. मी सांगितलं, कानात घालून ऐक बाई.”

स्पीकरमधून एका बाईचा घोगरा आवाज आला, मागे नुसती बासरी. घासणीवाल्याचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. कानसेन असे फुलले, जणू बाईला त्यांनीच शिकवलं होतं.

तेवढ्यात दारात त्यांची बायको उभी. ते चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आली होती.

“अगंबाई, हे गाणं इथे?” ती हसली. “आता बासरी थांबेल बघा, आणि ही बाई एकदम खालच्या सुरात उतरेल.”

बासरी थांबली. बाई खाली उतरली.

कानसेनांच्या हातातली कवळी टेबलावर पडली.

“तुला... कसं माहीत?”

“परवा इस्त्री करताना ऐकलं की.”

“हा तर मला ॲपने सुचवला! ‘तुमच्यासाठी’ म्हणून!”

“अहो, लेकीने आपल्या दोघांना एकच खातं काढून दिलंय ना? मी जे ऐकते, त्यावरून ते सुचवतं.”

घासणीवाल्याला राहवलं नाही. “म्हणजे कान वहिनींचे आणि सेन तुम्ही!”

ताई मात्र हसल्या नाहीत. इतके दिवस वाट बघितली, पण कानसेनांचा चेहरा प्लास्टरच्या साच्यासारखा पांढरा पडला होता.

आणि खरा धक्का तर पुढेच होता.

“मी दुपारी अर्ध्यावर सोडलेला अल्बम संध्याकाळी उघडला, की शेवटपर्यंत वाजलेला असायचा,” बायको हळूच म्हणाली. “मला वाटायचं, तोंडाने नावं ठेवतात, पण माझ्या मागोमाग ऐकतात. म्हणून मग मी मुद्दाम अर्ध्यावर सोडायला लागले. तुमच्यासाठी.”

एक ‘हो’ म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. पण कानसेनांच्या तोंडून खरं तेच निसटलं. “मला वाटलं, यंत्राला माझी आवड कळली.”

तिचं हसू जागच्या जागी विझलं. “मग मी इतके दिवस कुणासाठी सोडत होते?”

स्पीकरमधली ती घोगरी बाई गात राहिली. कानसेन धडपडत उठले आणि त्यांनी अल्बम मधेच बंद केला.

“अहो, ऐकू द्या की!” घासणीवाला ओरडला.

“नाही,” कानसेन म्हणाले. त्यांनी फोन बायकोपुढे धरला. “आज मी अर्ध्यावर सोडलाय.”

तिने फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“आधी चष्मा लावा,” ती म्हणाली. “आणि इस्त्रीला कपडे ढीगभर आहेत. लवकर या.”