वळल्या की वाळल्या

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायला नको. आई म्हणायची, ही पोरगी कानात कुजबुजली तरी शेजारच्या शेतातलं कुत्रं उठतं. पण गेली दोन वर्षं मी ओरडते ती दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सदुसष्ट पूर्ण, लग्न केलेलं नाही, आणि कान गेलेत हे मेला तरी कबूल करायचा नाही. मी साठीला टेकले तरी त्याच्या लेखी अजून ‘बारकी’च.

घरात आम्ही दोघं, एक गाभण गाय आणि शेवटच्या कापणीचं गवत. त्यानंतर थंडी सरेपर्यंत रानात काडी उगवत नाही. मधल्या भावाचा मुलगा, माझा भाचा, महिन्या-महिन्याला येऊन तेच पालुपद लावतो. “आत्या, आता पुरे झालं. काका माझ्याकडे येतील, तू लेकीकडे जा.” पोरगा वाईट नाही. त्याच्या घरात एकाच खाटेपुरती जागा आहे, आणि माझी लेक राहते दीड दिवसाच्या वाटेवर. मागच्या वेळी मी त्याला चांगलं झापलं. शेवटी तो म्हणाला, “हा हिवाळा निभावून दाखवा, मग मी तोंड उघडणार नाही.” निभावायला काय लागतं? गाय जगायला हवी, म्हणजे चारा टिकायला हवा. तो संपला की दादा एकीकडे आणि मी एकीकडे. इतका साधा हिशेब होता.

वीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी एक पेटी घेऊन ह्या दारात उभी राहिले, तेव्हा दादाने एक अक्षर विचारलं नव्हतं. पेटी उचलून आत नेली आणि म्हणाला, “चहा टाक, मलाही घे.” अशा माणसाला सोडून मी कुठे जाऊ, सांगा!

त्या दिवशी सकाळी धार काढायला गोठ्यात गेले, तर नाकाला गोडसर वास आला. साखर करपल्यासारखा. गोठ्याला लागूनच छपराखाली गवताची गंजी, ताडपत्रीने झाकलेली. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाणी सुटलं होतं. मी हात कोपरापर्यंत पेंढ्यांत घातला आणि झटकन काढला. आत चटका बसत होता.

दादाला हाताला धरून आणलं. त्याने पहार गंजीत खुपसली, थोडा वेळ राहू दिली आणि ओढून काढली. टोकाला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं. ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं, आणि तापता तापता एक दिवस पेटतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“ओलं रचलंस?” मी किंचाळले. “अरे, मी फाटकातून विचारलं नव्हतं का तुला, पेंढ्या वाळल्या का म्हणून?”

“वळल्या होत्या की! सगळ्या वळल्या होत्या!”



गवत कापलं की त्याच गवताचा बंध पिळून पेंढी बांधायची, ह्याला आम्ही पेंढ्या वळणं म्हणतो. मग त्या दोन-तीन दिवस उन्हात उभ्या करायच्या आणि वाळल्या की रचायच्या. नऊ दिवसांपूर्वी दाढ काढायला जाताना मी घाईघाईत फाटकातून ओरडले होते, “पेंढ्या वाळल्या का?” त्याने ऐकलं, वळल्या का. म्हणाला, “कालच!” आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, “मग रच, वाट कसली बघतोस?” आणि बिचाऱ्याने एकट्याने दिवसभर खपून हिरव्या, दवाने भिजलेल्या पेंढ्यांची गंजी रचली. संध्याकाळी मी आले ती गालावर फडकं बांधून. गंजी बघितली आणि मान डोलावली. हात घालून बघायला काय धाड भरली होती मला? त्याचे कान गेलेत, माझे हात तर शाबूत होते.

पण तेव्हा असं शहाण्यासारखं कुठलं सुचायला! तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. ठोंब्या म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि सगळं संपल्यावर म्हणाला, “गाय आधी बाहेर काढू.”

गाय काढून लांब झाडाला बांधली. तेवढ्यात दूधवाला आला. मोटारसायकलवरूनच त्याने वास घेतला.

“आत्याबाई, हात लावू नका हं गंजीला! वारं लागलं की भडका उडेल. आणि वर तर अजिबात चढू नका, आतून पोकळ झालेली असते. मी पाण्याचा टँकर घेऊन येतो. तासाभरात येतो.”

तो गेला. त्याचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. दादाने नव्हता ऐकला, आणि मी त्याला सांगितला नाही.

का नाही सांगितला, हे मी स्वतःलाच शंभरदा विचारलंय. टँकर आला असता तर गोठा वाचला असता, पण भिजलेल्या गंजीचं खतच झालं असतं. वरचे चार थर अजून चांगले असतील, तेवढे काढले तर गाय निम्मा हिवाळा काढेल, उरलेल्याचं बघू कुठूनतरी. असं माझं डोकं चाललं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्यासमोर तर काड्यांचा ढीगच होता.

दादा शिडी लावून वर चढला. तो वरून पेंढ्या फेकायचा, मी ओढून लांब नेऊन पसरायचे. पहिला थर बरा निघाला. दुसरा कोमट होता, पण हिरवा. मला हुरूप आला. “टाक रे, टाक!” मी ओरडत होते. साठ-सत्तर पेंढ्या निघाल्या असतील. तिसऱ्या थराच्या पेंढ्या तपकिरी होत्या आणि हातात भुगा होत होत्या. मी मान वर करून बघितलं, तर दादाच्या पायापाशी धुराची बारीक रेघ.

“दादा, उतर!”

त्याने माझ्याकडे बघितलं.

“उतर! अरे उतर!”

“उकरतोय की!” तो म्हणाला, आणि वाकून दोन्ही हातांनी खाली उकरायला लागला.

मी शिडीकडे धावले. दोन पायऱ्या चढले असेन, तेवढ्यात तो माझ्या डोळ्यांदेखत कमरेपर्यंत आत गेला. आवाज झाला नाही. गवताचा कसला आवाज! मग तो ओरडला. दादाला ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्याला कसं ओढलं ते मला विचारू नका. काखेत हात घातले एवढं आठवतं. आम्ही दोघं शिडीसकट खाली पडलो आणि मागे भडका उडाला. मी त्याच्या पायांवर गाईच्या पाण्याची बादली ओतली, मग दुसरी, मग तिसरी. गंजी पेटली, छप्पर पेटलं, मग गोठा. मी पसरलेल्या पेंढ्यांवर ठिणग्या पडल्या, त्याही गेल्या. गाय झाडाला हिसके देत हंबरत होती. टँकर सांगितल्याप्रमाणे तासाभरात आला.

दवाखान्यात दादा तीन आठवडे होता. गुडघ्याखाली दोन्ही पाय भाजलेले. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण सहा महिने रोज पट्टी बदलायला माणूस हवा, आणि दवाखाना जवळ हवा. गाय दूधवाल्याने नेली. तो म्हणाला सांभाळतो, आणि माझ्या डोळ्यांकडे बघायचं त्याने टाळलं.

शेवटच्या दिवशी भाचा गाडी घेऊन आला. मला काहीच बोलला नाही, उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो खाटेपाशी वाकून म्हणाला, “काका, घरी जायचं ना?”

दादा हसून “हो हो” म्हणाला. आपलं घर, असं त्याला वाटलं होतं.

भाचा कागदांवर सही करायला बाहेर गेला. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “बारके, आधी गोठ्याचं छप्पर बघायला लागेल.”

त्याला काय सांगू? मीही ‘हो हो’ म्हणून गप्प बसू शकले असते. गाडी कुठल्या वाटेला लागली ते त्याला कळलंच असतं. पण एकदा न सांगता गप्प राहिले होते, त्याचे पाय माझ्यासमोर पट्ट्यांत गुंडाळलेले होते. मी खुर्ची ओढून अगदी त्याच्या तोंडासमोर बसले. आवाज चढवला नाही. ओठ हलवून एकेक शब्द सावकाश म्हटला.

“दादा, तो तुला त्याच्या घरी नेतोय. तुला एकट्याला. मी लेकीकडे जातेय.”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी वाट बघत होते की तो भलतंच काहीतरी उत्तर देईल, आणि मी नेहमीसारखी त्याच्यावर खेकसेन.

“बरं,” दादा म्हणाला, आणि त्याने माझा हात घट्ट धरला. ह्या वेळी त्याला सगळं नीट कळलं होतं.