पत्र्यावरचे दगड

"बाळासो, त्यो मोठा धोंडा दे रं वर," धुळा पत्र्यावरून तिसऱ्यांदा म्हणाला, तरी खाली उभा असलेला बाळासो हलला नाही.

बाळासोच्या बायकोचं, बनाबाईचं तेरावं उद्यावर आलं होतं. पाहुणे बसवायचे तर डोक्यावर छप्पर हवं, म्हणून चुलतभाऊ धुळा आणि भावकीतले चौघे सकाळपासून उडालेले पत्रे गोळा करून पुन्हा चढवत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. औंधच्या पलीकडच्या त्या वाडीत अशा वेळी बोलावण्याची वाट कुणी बघत नाही. पत्रा चढवला की त्यावर दगड ठेवायचे, हेही तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. बारा दिवसांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला गेला आणि त्याच्यावरचाच एक दगड आत येऊन बनाबाईच्या डोक्यात बसला होता. पण वाडीच्या मते दोष वाऱ्याचा. दगड कमी पडले, असंच जो तो म्हणत होता.

"दगड नगं," बाळासो म्हणाला.

"मग वाऱ्याला काय आडवणार? तुजं तोंड?" धुळा बोलून गेला आणि लगेच वरमला.

बाळासोला पत्रे ठोकायचं शिकवण्याची खरं तर कुणाची टाप नव्हती. त्याचा धंदाच तो. दोन वर्षं तो कोकणात किनाऱ्यावर कामाला होता. वादळाने तिथल्या एका शाळेचं छप्पर नेलं होतं, ते नव्याने घालायचं होतं. कामावर वाईच्या विनोदिनी मॅडम इंजिनिअर होत्या. एक आकडा कमी दिसला तर जेवण टाकून शिडी चढणारी बाई. आकडा म्हणजे पत्र्याला खालच्या पाइपाशी बांधून ठेवणारा वाकडा बोल्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली. पट्टी दबली नाही, वर आली. वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो, कडेला आणि कोपऱ्यांत तर फार जोरात, असं त्यांनी सांगितलं. म्हणून तिथे कडेला पत्र्याच्या नागमोडीतल्या प्रत्येक उंचवट्याला आकडा. आसपासच्या घरांवरचे दगड त्यांनी बाळासोच्याच हातांनी उतरवून घेतले. म्हणाल्या, "दगड पत्र्याला धरत नाही. पत्रा हलला की दगड सुटतो, आणि मग तो कुणावर पडेल ते आपल्या हातात राहत नाही."

मॅडमच्या टेबलावर देशाचा नकाशा असे, वाऱ्याच्या जोराप्रमाणे रंगवलेला. किनारा गडद होता. बाळासोने आपला मुलूख शोधला, तर तो फिकट निघाला. त्याला बरं वाटलं. घात झाला तो तिथे. इथे वारा कमी, एवढंच तो घरी घेऊन आला. वारा नाहीच, असं नकाशा कुठे म्हणत होता?

निरोपाच्या दिवशी मॅडमनी उरलेल्या आकड्यांची पिशवी त्याला दिली होती, घराला लाव म्हणून. ती दीड वर्षं खाटेखाली पडून होती. लोकांची छपरं बांधणाऱ्याला स्वतःच्या छपरासाठी सवड कधी मिळते? घरावर एकाआड एक आकडा आणि बाकी दगड. ते दगड बनाबाईनेच शिडीखाली उभं राहून एकेक करून वर दिले होते. वीस वर्षं चटणी वाटून फुटलेला तिचा पाटाही त्यात होता. बाळासोने तो घेतला आणि बरोबर चुलीच्या वर ठेवला. खाली आला तो तोच.

हे सगळं ठाऊक असलेला वाडीत तो एकटाच होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण घरात लेक होती, अपेक्षा. ती एकुलती एक, सांगलीला नर्सिंग शिकणारी. पत्रा उडाला त्या दुपारी ती आईशी फोनवर बोलत होती. आई अंगणात शेवया वाळत घालत होती, वाऱ्याचा आवाज फोनमध्ये येत होता. आई, आत जा, असं लेकच म्हणाली, आणि बनाबाई आत गेली. बारा दिवस पोरगी तेवढंच धरून बसली होती. तिच्या तोंडात घास जात नव्हता. सकाळी ती चुलतीला म्हणाली, मीच तिला मारलं. ते बाळासोच्या कानावर पडलं. खरं सांगावं तर उरलेलं एकच माणूस तुटणार, न सांगावं तर ते आतल्या आत संपणार.

धुळाला धोंडा न देताच तो आत गेला, त्याने खाटेखालून पिशवी ओढली आणि ओसरीवर लेकीसमोर आणून ठेवली.

"आपे, तू आत जा म्हणालीस ते बराबर हुतं. वारं सुटल्यावर माणसानं घरातच जावं. घर बराबर नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं, कागदाच्या पट्टीपासून पाट्यापर्यंत. सांगताना त्याने स्वतःला कुठे झाकलं नाही. अपेक्षाने पिशवीतला एक आकडा उचलला. त्याला गंज चढला होता. ती बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिली.

"आबा, आईला सांगितलं हुतं ह्ये?"

"न्हाई."

"सांगितलं असतं तर तिनं त्याच दिशी दगूड खाली घ्याया लावलं असतं."

"व्हय. लावलं असतं."

आकडा पिशवीत ठेवून तिने तोंड फिरवलं. बाळासोला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर जरा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पत्र्यावर बसलेल्या धुळाने ते सगळं ऐकलं होतं. भावकीने चढवलेले दगड एकेक करून उतरवले आणि कुंपणाशी रचले. बाळासो पिशवी घेऊन एकटाच वर चढला. प्रत्येक उंचवट्याला भोक पाडायचं, आकडा पाइपात अडकवायचा, वायसर घालून नट आवळायचा. स्वयंपाकघरावर पोहोचला तेव्हा अजून दोन पत्रे बसायचे होते. त्या फटीतून त्याने खाली पाहिलं.

अपेक्षा आत आली होती. तिने चुलीपुढची जागा झाडली, आई बसायची तिथेच बसकण मारली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा चूल पेटवली. तिने वर पाहिलं नाही. तिथनं ऊठ, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

त्याने पिशवी टॉवेलने कमरेला घट्ट बांधली. नट दातांत धरला, वायसर मुठीत. डोळ्यांत धूर जात होता, तरी पुसायला हात मोकळा केला नाही. दिवस मावळेपर्यंत तो तसाच काम करत राहिला. खाली एक वायसरसुद्धा पडला नाही.