दोन्ही फोन बेटावर

पश्चिमेचा वारा दुपारनंतर सुटतो, हे सूरजला माहीत होतं. त्या वाऱ्यावर शिडाची होडी पूर्वेकडे सुसाट जाते, हेही माहीत होतं. परत पश्चिमेला कसं यायचं, हा धडा त्याला शिकवणाऱ्याने पुढच्या रविवारवर ठेवला होता आणि तो रविवार काही उजाडला नव्हता. ही माहिती सूरजने बेटावर उतरल्यानंतर दिली.

"म्हणजे आपण परत कसं जायचं?" पद्मजाने विचारलं.

"जाऊ की मॅडम. वारा पडला की वल्ही मारत."

"वल्ही कुठे आहेत?"

सूरजने होडीतलं एकुलतं एक वल्हं उचलून दाखवलं.

तो मार्च अखेरचा शनिवार होता, वर्ष २०१२. पद्मजा ओव्हाळ खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड होती. सूरज आणि चैताली तिच्या टीममधले. पानशेतच्या रस्त्याला लागलं की धरणाचं पाणी सुरू होतं, त्याच्या पश्चिम काठावरून तिघं निघाली होती. होडी सूरजची होती. धायरीतली त्याच्या घरची शेती बिल्डरकडे गेली, तेव्हा वडिलांनी मोठी गाडी घेतली, चुलत्याने हॉटेल टाकलं आणि सूरजने एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याची जुनी होडी विकत घेऊन रिकाम्या गोठ्यात ठेवली. वडील जयसिंग येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत आणि म्हणत, शेत होतं तवा पाणी नव्हतं, आता शेत नाय तर पोरानं होडी आणलीय.

पद्मजाला होडीत रस नव्हता. ती आली होती ते मॅनेजर बद्रीनाथ यांच्यामुळे. त्यांचा क्लायंट लंडनची एक विमा कंपनी होती. तिच्या तिमाहीचे हिशेब मार्च अखेरच्या शनिवारी संगणकावर एकामागून एक चालवले जात आणि कुठे अडलं तर पुण्याला फोन येई. लंडनला वर्षभरासाठी एक लीड पाठवायचा होता आणि सोमवारी नाव ठरणार होतं. बद्रीनाथ म्हणाले होते की, जिला स्वतः फोनपाशी बसावं लागतं ती लीड कसली. हा शनिवार तुमच्याशिवाय नीट पार पडू दे, नाव तुमचंच जाईल. म्हणून पद्मजाने त्या दिवसाची सुट्टी टाकली, आणि घरी बसलो तर हात फोनकडे जाईल म्हणून सूरजचं आमंत्रण स्वीकारलं.

लंडनचं ठरण्याआधीच तिच्या वडिलांनी ते ठरवून टाकलं होतं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. येरवड्याच्या विहारात रविवारी वंदना संपली की, आमची पद्मजा लंडनला चाललीय, असं ते सांगत. दोघांनी तर तिथून काय आणायचं तेही सांगून ठेवलं होतं. घरातलं कोणी आजवर विमानात बसलेलं नव्हतं.

बेट लहान होतं. धरण होण्यापूर्वी ती टेकडी असणार. आता तिचा माथा तेवढा पाण्याबाहेर होता. खाली गोटे, वर पिवळं पडलेलं गवत, थोडी करवंदीची जाळी. बघायला पाच मिनिटं, असा पद्मजाचा अंदाज होता.

सूरजने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोन काढला आणि रेंज आहे का ते पाहू लागला. फोनच्या पाठीला पिवळी चिकटपट्टी होती. पट्टीवर एकचा आकडा होता.

तो फोन पद्मजाला चांगला ओळखीचा होता. कंपनीने टीमला असे दोन फोन दिले होते. पहिला फोन एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. लंडनवाले आधी पहिला लावत, उचलला नाही तर दुसरा. दोन्ही उचलले गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. या शनिवारी पहिला टीममधल्या रोहनकडे आणि दुसरा सोनालीकडे असायला हवा होता. तसं तिने स्वतः लिहून दिलं होतं.

"हा तुझ्याकडे कसा?"

रोहनच्या मेव्हण्याचा साखरपुडा साताऱ्याला होता. गुरुवारी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्याने फोन सूरजच्या हातात दिला. असं नेहमीच व्हायचं. कोणाला अडचण आली की टपरीवर फोन इकडून तिकडे जाई, कागद कोणी बदलत नसे. कागद लंडनवाल्यांना दाखवायला असतो, असं टीमचं म्हणणं होतं. हे सगळं पद्मजाला ठाऊक होतं. काम होतंय ना, म्हणून ती बोलत नसे.

"अन् तसंबी दुसरा सोनालीकडं हाय," सूरज म्हणाला. "ती शनिवारी कुठं जातीय? म्हणलं, आपलं भागतंय."

चैतालीने खांद्यावरची पिशवी उघडली, रुमाल काढला, पाण्याची बाटली काढली आणि तळातून एक फोन काढून पद्मजासमोर धरला. पाठीला पिवळी पट्टी, पट्टीवर दोन.

"सोनालीच्या मुलाला ताप आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, पहिला रोहनकडे आहे. तो तर झोपेतसुद्धा उचलतो."

दोन्ही फोनना रेंज नव्हती. पद्मजाच्या स्वतःच्या फोनलाही नव्हती.

ती ओरडली नाही. तिने सूरजला होडी पाण्यात लोटायला सांगितलं.

पहिल्या खेपेला होडी काठापासून सुटली, तिरकी उत्तरेकडे गेली, शीड फडफडलं आणि वाऱ्याने तिला वळवून पुन्हा बेटालाच आणून लावलं, फक्त दुसऱ्या बाजूला. तिथे पाण्यात उतरत जाणारी सपाट, गोल जागा होती, दगडांनी बांधून काढलेली. मध्ये एक भोक. सूरज म्हणाला, "मळणीचं खळं हाय हे. मध्ये तिवड्याचा खांब रोवायचा, भोवती बैल फिरवायचे. आमच्या आज्याचं असंच होतं." पाणी इतकं नितळ होतं की खळ्याचा बुडालेला अर्धा भागही दगडन् दगड दिसत होता आणि त्यावरून बोटभर मासे फिरत होते. चैताली वाकून बघू लागली. पद्मजाने तिला विचारलं की आपण इथे सहलीला आलोय का. मग तिच्या लक्षात आलं की हो, सहलीलाच आलोय, आणि तिला आणखी राग आला.

दुसऱ्या खेपेला ते दक्षिणेकडून निघाले. चैताली वल्हं मारत होती, सूरज शिडाची दोरी ओढत होता, पद्मजा सुकाणू धरून होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता की तू चुकतोयस. काठ जरा जवळ आल्यासारखा वाटला. मग झोत आला, होडी कलली, तिघांच्या कमरेपर्यंत पाणी उडालं. सावरेपर्यंत बेट पुन्हा समोर होतं. या वेळी ते लागले ती बाजू सावलीची होती. उंबराचं एक झाड पाण्यावर ओणवं झालं होतं आणि खाली वाळूची ओंजळभर जागा होती, कोणाचंही पाऊल न उमटलेली. वारा या बाजूला अजिबात नव्हता. हॉर्न नाही, जनरेटर नाही, कोणाचा लाऊडस्पीकर नाही. पद्मजाला खराडीत नोकरीला लागल्यापासून प्रथमच स्वतःचा श्वास ऐकू आला. एरवी या जागेसाठी तिने वाटेल ते दिलं असतं. इतकं चांगलं ठिकाण आणि ते आजच सापडावं, याची तिला मनापासून चीड आली.

"परत एकदा बघू," सूरज म्हणाला.

"परत एकदा बघितलं तर बेटाची चौथी बाजू बघायला मिळेल," पद्मजा म्हणाली. "तू इथेच थांब."

दोन्ही फोन आणि स्वतःचा घेऊन ती वर चढली. माथ्यावर एक काळा खडक होता. त्यावर उभं राहून हात वर केल्यावर तिच्या फोनमध्ये रेंजची एक काडी उमटली. लगेच फोन थरथरू लागला. बद्रीनाथ, बद्रीनाथ, बद्रीनाथ. तिने फोन लावला आणि मान वाकडी करून, हात फारसा खाली न आणता बोलू लागली.

बद्रीनाथ कोणावर आवाज चढवत नसत. रागावले की ते अधिक आदराने बोलत.

"कुठे आहात आपण?"

"बेटावर."

"कुठल्या?"

"त्याला नाव नाही."

"छान. इकडे लंडनवाले दोन्ही नंबर लावून दमले. शेवटी फोन माझ्या घरी आला, मी जेवायला बसलो होतो."

हिशेब मध्येच अडले होते. दुरुस्ती किरकोळ होती, पण ती करायला कोणी नव्हतं. बद्रीनाथांनी दुसऱ्या टीममधला एक माणूस सिनेमागृहातून उठवून आणला. काम आता सुरू झालं होतं, पण बराच उशीर झाला होता आणि लंडनहून तक्रारीचा मेल आला होता. उत्तर आजच द्यायचं होतं.

"कागदावर रोहन आणि सोनाली आहेत," ते म्हणाले. "दोघांची नावं कळवतो. आपण रीतसर सुट्टीवर होता, आपला यात संबंध येत नाही. सोमवारचंही ठरल्याप्रमाणे होईल. ठीक?"

खाली सूरज शीड गुंडाळत होता आणि चैताली चुकीच्या टोकाला धरून त्याला मदत करत होती. पद्मजाला फक्त 'ठीक' म्हणायचं होतं. रोहन साताऱ्यात जेवणावळीत असेल. सोनाली मुलाच्या कपाळावर घड्या ठेवत असेल. सोमवारी दोघांना बोलावून घेतलं जाईल आणि ते खरं सांगतील. पण तरी कागदच खरा धरला जाईल, कारण त्याखाली पद्मजाची सही होती.

"फोन त्यांच्याकडे नव्हते," ती म्हणाली. "दोन्ही माझ्याजवळ आहेत. आत्ता, हातात."

"आपल्याजवळ कसे?"

तिने सांगितलं. होडीत कोण कोण आहे तेही सांगितलं. टीम फोन आपसात बदलते हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी ते चालू दिलं, हेही सांगितलं.

बोलून झाल्यावर तिने काडी अजून आहे ना ते पाहिलं. काडी होती.

"हे मी ऐकलंच नाही असं धरून चालू का?"

"नको."

"मग लंडनचं अवघड आहे."

"किती अवघड?"

"आपल्याला मराठी समजतं," बद्रीनाथ म्हणाले. लगेच ती एक काडीही गेली.

पद्मजा खडकावर उभी राहिली. इथून सगळं पाणी दिसत होतं, उन्हात पत्र्यासारखं, आणि पश्चिमेला गाडी लावलेला काठ. वाऱ्यामुळे वाटत होता तितका तो दूर नव्हता. तिने वडिलांना फोन लावून पाहिला. लागला नाही. लागला नाही हे बरंच झालं, असं तिला वाटलं.

उतरताना तिने जवळची वाट धरली, बेटाच्या ज्या बाजूला होडी लागली नव्हती तिथून. गोट्यांच्या उतारावर आल्याबरोबर डोक्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. पुन्हा एकदा गेलं आणि केसांना लागलं. एक पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा, पिवळी चोच. तो कर्कश ओरडत तिच्यावर झेपावत होता. "मॅडम, हलू नका," खालून सूरजचा आवाज आला. तो आणि चैताली पाण्याच्या कडेकडेने या बाजूला आले होते. "पायाखाली बघा."

तिच्या चपलेपासून वितीवर, उघड्या गोट्यांत तीन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही. गोट्यांच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर कळलंही नसतं.

ती आल्या पावली मागे सरकली आणि वळसा घालून खाली आली. तिघं पाण्याच्या कडेला बसली. पक्षी अंड्यांवर घिरट्या घालत राहिला, खाली येईना. सूरज म्हणाला, सुरय हाय ती. आपण हलतोय तोवर बसायची नाय, अन् ऊन असं हाय की अंडी शिजतील.

मग त्याने विचारलं, फोन लागला का. पद्मजाने लागला म्हणून सांगितलं. चैतालीने विचारलं, काय म्हणाले.

"लंडनला दुसरं कोणी जाईल."

"रोहन आणि सोनालीचं काय?"

"त्यांचं काही नाही. त्यांच्याकडे फोन नव्हते, असं मी सांगितलंय."

सूरज गोटे चाळवू लागला. "सॉरी मॅडम. चूक माझी हाय," तो म्हणाला.

"आहेच. चैतालीचीही आहे. माझी तुम्हा दोघांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे आता गप्प बस."

चैताली रडू लागली. आधी हळू, मग हुंदके देऊन. तिच्या प्रत्येक हुंदक्याला वरचा पक्षी उडून लांब जाई आणि पुन्हा येई. पद्मजा त्याच्याकडे बघत होती. तिला चैतालीला जवळ घेता आलं असतं, चार शब्द बोलता आले असते. ते तिच्याकडे नव्हते.

"रडायचं तर आवाज न करता रड," ती म्हणाली. "ती बसत नाहीये."

चैतालीने रुमाल तोंडात धरला. सूरज खांदे पाडून, गुडघ्यांत मान घालून बसला. पक्षी पाण्यावर गेला, पोट बुडवून वर आला आणि उतारावर उतरला. ओल्या पोटाने चालत चालत अंड्यांपर्यंत आला. थांबला. तिघांकडे एका डोळ्याने बघत राहिला.

विहारात उद्या वंदना होती. वडिलांना काय सांगायचं ते पद्मजाला अजून सुचलं नव्हतं, आणि वारा पडायला पुष्कळ अवकाश होता. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय हलवला नाही.