पालथं भगोणं

बायको कामिनी गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा रुपराव कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती तोलत होता. तसाच घरी पोचला, तर दारात माणसांच्या आधी कुत्री जमलेली. कामिनी रोज सकाळी त्यांच्यासाठी जर्मनचं भगोणं पाण्यानं भरून दाराबाहेर ठेवायची. रुपरावानं दगड मारून ती हाकलली आणि भगोणं पालथं घातलं.

कुत्र्यांचं भय त्याच्या मनात लहानपणापासून होतं. गल्लीतल्या धोंडबा विणकराला कुत्रं चावलं होतं. पुढं पाण्याचा तांब्या समोर आला की धोंडबा किंचाळायचा. रुपरावानं ते खिडकीतून पाहिलं होतं. धोंडबा वाचला नाही.

तेरवीपर्यंत सहा वर्षांची ऋतुजा कन्हानला नीलाआत्याकडे होती. रविवारी सकाळी घरी आली ती पोळ्यांचा डबा घेऊनच. बेसा गावाच्या पुढं जखमी कुत्र्यांना ठेवायची जागा होती. मायलेकी दर रविवारी तिथं जायच्या.

"बाबा, चला नं. ते वाट पाहून राहिले असतील."

"त्यांले रविवार समजते काय वं?"

"भूक तं समजते."

तो तिच्यासोबत गेला, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेना. तिथलं सगळं पाहणारे भैयाजी हसले. "या गा रुपराव! तीन पायाचं कुत्रं तुमाले काय धरते!" रुपराव फाटक धरून उभाच राहिला. पोरगी आत, आईनं शिकवलं तसा तळहात सपाट धरून पोळीचे तुकडे देत होती.

सोमवारी सकाळी तिची वेणी घालताना मनगटावर लाल ओरखडा दिसला.

"हे काय वं?"

"तिथल्या भुरी कुत्रीचा दात लागला. तिनं मुद्दाम नाही केलं." ऋतुजानं बाही खाली ओढली. "तुमी मंग जाऊ देणार नाही, म्हणून नाही सांगितलं."

रुपरावानं बाही पुन्हा वर केली. शेजारची बायजाबाई दारातूनच ओरडली, "मिरची भर गा त्याच्यात! आमच्या घरी तेच करत होते." त्यानं मिरचीचा डबा खाली काढलाही. मग काय सुचलं, भैयाजींना फोन लावला.

"मिरची ठेवा बाजूले! साबण लावा, नळाखाली धरा चांगलं पंधरा मिनिटं, अन् दवाखान्यात न्या. आत्ताच."

त्यानं घड्याळ पाहून हात धुतला. पोरगी रडून दमली, म्हणून पाण्याचा गिलास पुढं केला. तिनं तोंड फिरवलं.

"पी वं."

"नाही."

"एक घोट."

"नाही म्हटलं नं!" तिनं गिलास ढकलला. पाणी फरशीवर सांडलं.

रुपरावाच्या डोळ्यांपुढं धोंडबाचा तांब्या आला. कामिनी गेली, आता हीपण?

"पाण्याचं भेव वाटून राहिलं काय तुले?" रुपरावानं विचारलं.

"भेव कायचं?"

"मंग काहून पीत नाही, माय?"

तिनं दाराकडे बोट दाखवलं. "आई पहिले त्यांचं भरे, मंग मले देई. काल भैयाजीनंबी पहिले त्यांची टाकी भरली. तुमी तं भगोणंच उलटं ठेवलं."

रुपराव बादली घेऊन बाहेर गेला. भगोणं सुलटं केलं. नालीकडून दोन कुत्री उठून आली. अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. तरी भगोणं काठोकाठ भरेपर्यंत तो हलला नाही.

मग ऋतुजा गटागटा प्याली. तिच्या गळ्यातून उतरणारा एक एक घोट तो पाहत राहिला.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "एका दिवसात काही होत नसते, काका. पण चारही सुया झाल्याच पाहिजेत."

भगोणं आता तो रोज भरतो, पण कुत्री जवळ यायच्या आत दार लावून घेतो. तीन सुया राहिल्या आहेत. आणि बेशाला त्या फाटकाच्या आत जायचं अजून राहिलंच आहे.