प्रेसवरची सासू

"दादा, तुझी सासू आज रुसलीय. ये जरा समजूत काढायला."

भिंगरीने प्रेसच्या आडून हाक मारली आणि ओळीतल्या बाया खुदखुदल्या. फिटर हत्यारांची पेटी घेऊन आला. भिंगरी त्याची सख्खी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे घरात पडलेलं हे नाव तिच्या मागोमाग कारखान्यातही आलं होतं. कारखाना वाफेचा नि हवेचा दाब मोजणाऱ्या गोल मापकांचा. त्या मापकांची पितळी घरं, म्हणजे बाहेरची कवचं, प्रेसखाली ठोकून निघत, आणि पत्र्याच्या चकत्या प्रेसखाली सरकवायचं काम बायांकडे होतं.

सासू म्हणजे फिटरने स्वतःच्या डोक्याने काढलेली युक्ती. पूर्वी प्रेस पायाखालच्या पट्टीवर चालायची. पाय दाबला की वरचं धूड खाली येणार, मग खाली पत्रा असो की बोट. एका जुन्या बाईचा अंगठा गेला तेव्हा फिटरला जेवण गोड लागेना. सुट्टीच्या दिवशी घरी मोडक्या शिवणयंत्राच्या टेबलावर खटपट करून त्याने दोन बटणं जोडली. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस हलणार. म्हणजे दोन्ही हात बाहेर. जगात कुठे असं असेलही, पण या कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. माल कमी निघतो म्हणून मालक कुरकुरले, पण अंगठ्याचं प्रकरण ताजं होतं म्हणून त्यांनी बसवू दिली. बायांनी मात्र नाव ठेवलं सासू. हात जरा कुठे जाऊ देत नाही, सारखे आपल्या डोळ्यांसमोर लागतात हिला.

फिटरने सैल झालेली स्प्रिंग बदलली. "झाली शहाणी. चालव आता."

"आधी एक गंमत बघ," भिंगरी म्हणाली. तिने डावा हात टेबलावर आडवा टाकला. कोपर एका बटणावर, तळवा दुसऱ्यावर. प्रेस धाडकन खाली आली. उजवा हात मोकळाच होता आणि तो पुढची चकती घेऊन तयार होता.

फिटरने कपाळाला हात लावला. "घरभेदी कुठली. पत्र्याच्या वाट्या बसवतो बटणांभोवती. मग बघतो कोपर कसं आत शिरतं ते."

"बसव की. तोवर तरी जगू दे."

खरं तर तेव्हाच रागवायला हवं होतं. पण तो हसला. सगळ्या ओळीत तिच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता, आणि त्याला त्याचा अभिमान होता. आपल्याच बहिणीने आपलं कोडं सोडवलं याचंही त्याला आत कुठेतरी कौतुक वाटलं. वाट्यांचा पत्रा त्याने कापूनही ठेवला. मग आज हे बिघडलं, उद्या ते, असं करता करता तो पत्रा बाकाखालीच राहिला.

भिंगरीच्या शेजारच्या प्रेसवर एक बाई नव्याने लागली होती. येऊन बरेच दिवस झाले तरी सगळ्या तिला नवीच म्हणत. मान खाली घालून काम करायची. मुकादम दिवसभर तिच्या डोक्यावर उभा, "हात आहेत का लाकडं?" म्हणून. भिंगरीला तिची दया आली. जेवणाच्या सुट्टीत तिने नवीला कोपराची युक्ती शिकवली. भिंगरीचा हात नि डोळा एका तालात चालायचे. नवीचे अजून चालत नव्हते.

एके दिवशी फिटर लेथपाशी होता तेव्हा सगळ्या प्रेस एकामागोमाग थांबत गेल्या. कुणी ओरडलं नाही. तो धावत आला तेव्हा नवी स्टुलावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, आणि भिंगरी आपल्या ओढणीने तो हात आवळून बांधत होती. दोन बोटं गेली.

दवाखान्यात दोघं भावंडं भेटायला गेली. नवी भिंतीला टेकून बसली होती. फिटर दिसताच ती सावरून बसली.

"ताई," ती भिंगरीला म्हणाली, "माझं काम जाईल का हो?"

भिंगरीने तिची चादर सारखी केली.

"कुणी शिकवलं ते मी नाही सांगणार. तुम्ही काळजी करू नका."

घरी आल्यावर भिंगरी ताटावर बसली आणि ताट सरकवून दिलं.

"मी सांगते साहेबांना. शिकवलं मी आणि भोगायचं तिने? चोर सोडून संन्याशाला फाशी."

"त्याने ती वाचत नाही," फिटर म्हणाला. "मुकादम म्हणाला मला. बटणं नीट असताना कुणी फसवलं तर नोकरी गेली, शिकवणारीची आणि शिकणारीचीही. बटणंच बिघडली होती असं निघालं, तरच तिला ठेवतील."

"मग बिघडली होती म्हण."

"म्हणजे सासू गेली. मालक टपूनच बसलेत. सगळ्या प्रेस पुन्हा पायावर."

फिटरची बायको, भिंगरीची वहिनी, आतापर्यंत ऐकत होती. ती म्हणाली, "असं नका करू हो. एकीसाठी बाकीच्यांच्या बोटांशी खेळायचं? आणि स्वतःच्या हाताने केलेलं स्वतःच वाईट म्हणायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"वहिनी, बाकीच्यांचं उद्याचं उद्या बघू," भिंगरी म्हणाली. "ती आज बसलीय हात गळ्यात बांधून. आणि मला म्हणते, काळजी करू नका."

तिला रडू फुटलं. लहानपणीही ती क्वचित रडायची, त्यामुळे फिटरला काय करावं सुचेना. त्याने तिचं ताट उचलून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने आधी बसायला खुर्ची दिली, ती फिटरला जास्त जड गेली.

"मला एकच सांग. बटणं बिघडली होती, की बाईने फसवलं?"

"साहेब, वाट्या बसवल्या असत्या तर..."

"वाट्यांचं नाही विचारलं. बाईने फसवलं असेल तर ती घरी जाईल, बटणं राहतील. बटणांचा दोष असेल तर तिला खोकी भरायला बसवू आणि हे तुझं सगळं काढू. मालकांचं हेच ठरलंय. मधलं काही नाही."

काचेपलीकडे ओळ दिसत होती. बाया काम करत होत्या. कोण कोपर टाकतंय, कोण नाही, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. एवढे हात आपण सांभाळले, असं मनाशी म्हणत तो रोज झोपी जात होता. त्यातला एक आपल्याच आळसाने गेला. आता त्या एकीला तरी सांभाळायचं, की उरलेल्या सगळ्यांना, हे त्याने ठरवायचं होतं, आणि दोन्हीकडून पाप त्याच्याच माथी येणार होतं.

"दोष बटणांचा, साहेब," तो म्हणाला. "जवळ लावली मी. एका हाताने दोन्ही दाबता येतात. अशी लावायलाच नको होती."

"नीट विचार करून बोलतोयस?"

"हो. तिला बसवाल ना खोकी भरायला?"

"बसवतो. पण ते काढायचंही तुलाच."

त्याने एकेका प्रेसवरून सासू उतरवली. तारा गुंडाळल्या, बटणं डब्यात टाकली, पट्ट्या पुन्हा पायाशी जोडल्या. "सुटलो बाई जाचातून," पलीकडून कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी हसल्या. फिटरने वर पाहिलं नाही. भिंगरीच्या प्रेसशी आला तेव्हा ती उठून बाजूला उभी राहिली. लाकडी टेबलावर बटणांच्या जागी दोन भोकं उरली.

नवी कामावर आली. कोपऱ्यात बसून डाव्या हाताने खोक्यांत मापकांभोवती गवत भरू लागली. फिटर जवळून गेला की उठून उभी राहायची, आणि त्याला ते सोसवायचं नाही, म्हणून तो लांबच्या वाटेने जाऊ लागला.

माल भरभर निघू लागला. मालक खूश, मुकादम खूश. फक्त भिंगरीची प्रेस मागे पडत होती. काय झालं ते बघायला एकदा फिटर खांबाआड थांबला. भिंगरीने चकती आत सरकवली. मग दोन्ही हात मागे घेतले, एक तळवा डाव्या भोकावर ठेवला, एक उजव्या, आणि मग पाय दाबला. प्रेस खाली येऊन वर गेली. तिने तयार झालेलं घर काढलं, दुसरी चकती सरकवली, पुन्हा दोन्ही तळवे भोकांवर ठेवले.

"भिंगरे, झोपलीस काय?" मुकादम ओरडला. "लाज वाटते का, सगळ्यांच्या मागे?"

तिने मान वर केली नाही. तळवे जागेवर गेले, मग पाय.

शेजारी, नवीच्या जागी, दुसरी एक बाई बसवली होती. तिचा पाय पट्टीवरच होता आणि हात आत-बाहेर, आत-बाहेर चालला होता. फिटरला तिकडे बघवेना. तो बहिणीच्या हातांकडे बघत राहिला.