ताईत आणि टाचण्या

कापसानं भरलेल्या बैलबंड्या खरेदी-विक्री संस्थेच्या फाटकापासून थेट नाचणगावच्या वळणापर्यंत लागल्या होत्या, पण बंडीवर कुणीच नव्हतं. सगळी गर्दी काँप्युटरच्या खोलीच्या दारात आणि खिडकीला लटकली होती. आत भैयाजी महाराजांनी हातातला ताईत यंत्राच्या लोखंडी पेटीजवळ नेला आणि सोडला. ताईत पडला नाही, पेटीला चिकटून राहिला. बायांनी हात जोडले.

"विजेची देवी आहे ही," महाराज म्हणाले. "तिले साधा मंत्र चालत नाई. ओम् काँप्युटराय नमः."

कोपऱ्यात सुंदरा मडावी उभी होती. नागपूरला शिकून आलेली, संस्थेची एकमेव ऑपरेटर. कुणाची बंडी वजनकाट्यावर कधी चढणार, ती सारी नोंदणी तिनं फ्लॉप्यांमध्ये भरली होती. दसऱ्यानंतर एकही फ्लॉपी उघडेना. अध्यक्ष पुंडलिकरावांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला होता: विटाळानं यंत्र बाटवलं असं लिहून दे, नोकरी सोड, मगच बाहेर पड.

खंडेनवमीला तिची पाळी होती. म्हणून त्या दिवशी तिला व्हरांड्यातल्या टेबलावर बसवलं होतं आणि यंत्राची पूजा महाराजांनी केली होती. ती आत आलीच नव्हती, असं तिनं सांगून पाहिलं. दारातून डोकावलीस ना, असं उत्तर मिळालं. दार माणसांनी भरलं होतं, खिडकीतून वाराही येत नव्हता.

तिनं पुन्हा यंत्राकडे पाहिलं. नागपूरहून मागवलेली नवी फ्लॉपी घातल्यावर ते विनातक्रार सुरू झालं होतं. म्हणजे यंत्र धड होतं. मेल्या होत्या त्या जुन्या फ्लॉप्या, आणि त्या सगळ्या पूजेत होत्या.

खिडकीशी सभासद रूपराव होते. पूजेत फ्लॉप्यांचं काय केलं, असं तिनं त्यांना विचारलं.

"एकेक काढून ताईत फिरवला महाराजानं. म्या थाळी धरली होती."

सुंदरानं रूपरावांना आत घेतलं. कोरी फ्लॉपी त्यांच्याच हातानं यंत्रात घालायला लावली. तिनं फक्त रूपरावांचं नाव टाइप केलं. फ्लॉपी काढली, पुन्हा घातली. नाव पडद्यावर उमटलं आणि खिडकीनं ते मोठ्यानं वाचलं.

"महाराज, हिलेही भारून द्या," ती म्हणाली.

महाराज खूश झाले. त्यांनी ताईत चांगला घोळवून घोळवून फिरवला. रूपरावांनी फ्लॉपी घातली. यंत्र घरघरलं आणि थांबलं. नाव गेलं होतं.

"हिची सावली पडली," महाराज म्हणाले.

"मंग टाचण्यांवरही पडली असन," सुंदरा म्हणाली आणि तिनं टेबलावरची टाचण्यांची डबी ताईतावर उपडी केली. टाचण्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहिल्या.

पुंडलिकरावांनी स्वतः ताईत उसवला. आत रेडिओच्या भोंग्यातल्या लोहचुंबकाचा तुकडा निघाला. फ्लॉपीवरची अक्षरं चुंबकाच्याच बळावर टिकतात, सुंदरानं समजावलं. दुसरं चुंबक फिरवलं की पुसून जातात. महाराज तोवर दाराकडे सरकले होते, पण दार अजून माणसांनी भरलेलंच होतं.

"बाई, आमचे नंबर मंग गेलेच का?" रूपरावांनी विचारलं.

"नाई. साऱ्या नोंदींची एक प्रत व्हरांड्यातल्या लाकडी टेबलात हाये. फ्लॉप्या कशानं मेल्या ते कळल्याबिगर ती काढली नाई मी. मले बाहेर बसवलं, म्हणून तीही बाहेर रायली."

प्रत आली आणि नावं एकाखाली एक उमटू लागली. पुंडलिकरावांनी कोरा कागद उचलून खिशात घातला.

"उद्यापासून आतच बसजो."

"ते चार दिवस धरून?"

पुंडलिकराव म्हणाले, "धरून."

त्या दिवशी बंड्या काट्यावर चढल्या. पण चढवल्या त्या देवीनं नाही, एका मुलीच्या प्रश्नानं. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी टाचणी लावून पाहावी. आणि दोष एखाद्या बाईच्या माथी मारण्याआधी दोनदा लावावी.